श्रवणयंत्र मिळाल्यानंतरच्या वर्षांसाठी निधी

डिचोली तालुक्यातील एका क्रीडा व सांस्कृतिक मंडळाच्या खजिनदारांनी विचारले आहे की, त्यांच्या गावच्या माध्यमिक विद्यालयात श्रवणदोष असलेले चार विद्यार्थी आहेत. जत्रेच्या नाटकाला जोडून त्यांच्यासाठी निधी उभारावा आणि त्याच रात्री रंगमंचावर त्यांना नवी श्रवणयंत्रे द्यावीत, असे मंडळाच्या मनात आहे. यंत्रे कोणती घ्यावीत, पैसा कसा गोळा करावा आणि हिशोब कसा ठेवावा, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी श्रवणतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे गोव्यात काम करीत आहे आणि या काळात अशा बऱ्याच मंडळांच्या निधीशी माझा जवळून संबंध आला आहे. त्या अनुभवावरून माझे पहिले सांगणे असे की, कोणते यंत्र घ्यावे हा प्रश्न आपण तूर्त बाजूला ठेवावा आणि या चौघांपैकी कोणाकोणाच्या घरी यंत्र आधीच आहे व ते वापरात का नाही, याची चौकशी करावी. शाळेत विनायंत्र बसणाऱ्या अनेक मुलांचे यंत्र घरी कपाटात, डबीत घालून नीट ठेवलेले असते. सेल संपलेले असतात, कान वाढल्यामुळे मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, सैल होऊन सतत शिट्टी वाजत असते, नळी पिवळी पडून कडक झालेली असते किंवा पावसाळ्यात बंद पडलेले यंत्र दुरुस्तीला नेण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवणे आईवडिलांना परवडलेले नसते. अशा मुलाच्या हातात आपण दुसरे नवे यंत्र दिले, तर वर्षभरात तेही त्याच कपाटात जाऊन बसेल. म्हणून गावाने निधी उभारावा तो मुख्यतः यंत्र चालू ठेवण्यासाठी, आणि एका रात्रीपुरता न उभारता ही मुले शाळा सोडेपर्यंत पुरेल अशा बेताने उभारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्र मिळवून देण्याची व्यवस्था सरकारकडे आहे आणि तिचा उपयोग न करता लोकांचा पैसा त्यासाठी खर्च करणे योग्य नाही. दिव्यांगांना सहायक साधने देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून चालू असून, उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबातील, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या व्यक्तीला तिच्यातून श्रवणयंत्र मिळू शकते. मोठ्यांना ते तीन वर्षांनी पुन्हा मागता येते, तर बारा वर्षांखालील मुलांना एका वर्षानंतरही मागता येते. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे दरवर्षी ३,५०० रुपयांची तरतूद आहे आणि अशा मुलींना दरमहा २०० रुपये विद्यावेतन दहा महिने देण्याचीही सोय आहे. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ च्या कलम ३१ नुसार असा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. या सगळ्यासाठी लागतो तो दाखला, म्हणजे आजच्या भाषेत यूडीआयडी कार्ड, आणि तो काढण्यासाठी लागणाऱ्या खेपा. इथे मंडळाने पैशांऐवजी माणूस द्यावा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सकाळी लवकर पोहोचून केसपेपर काढणारा, तपासणीच्या खोलीपर्यंत सोबत करणारा आणि अर्जाची पोच जपून ठेवणारा एक जाणता कार्यकर्ता त्या कुटुंबाला हजारो रुपयांच्या देणगीइतका उपयोगी पडतो.

मात्र काही मुले या व्यवस्थेच्या बाहेर राहतात आणि लोकनिधीची सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक दोष असेल तर कायदा त्या व्यक्तीला कर्णबधिर मानतो आणि ६० ते ७० डेसिबल दोष असेल तर कमी ऐकू येणारी व्यक्ती मानतो. आता ज्याला दोन्ही कानांत ४५ डेसिबल दोष आहे, असा सातवीतला मुलगा डोळ्यांसमोर आणा. समोरासमोर बोललेले त्याला समजते, त्यामुळे घरच्यांना तो ‘ऐकतो’ असेच वाटते; पण शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले, वर पंखे फिरत असले आणि पत्र्यावर पाऊस कोसळत असला की निम्मा धडा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांपर्यंत जात नाही, म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून योजना नाही. एकाच कानाने ऐकू येणाऱ्या मुलाचेही तसेच. आपल्या चौघांत असा एखादा असेल, तर त्याच्यासाठी मात्र यंत्र खरेदी करणे हाच निधीचा पहिला खर्च ठरवावा. त्याआधी कानाच्या डॉक्टरांची तपासणी अवश्य व्हावी. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर उपचार आधी आणि यंत्र नंतर.

यंत्र निवडण्याविषयी एवढेच सांगतो की, ते मंडळाने निवडायचे नसतेच. चष्म्याचा नंबर काढावा तसा प्रत्येक कानाचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणक्षमतेचा आलेख, काढून, त्यानुसार संगणकावर यंत्र जुळवून द्यावे लागते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. हे काम भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या श्रवणतज्ज्ञाचे आहे. एकाच बनावटीची चार यंत्रे एकगठ्ठा घेऊन वाटणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय, आणि नको तितका आवाज कानात गेल्यास उरलेल्या श्रवणशक्तीलाही अपाय होऊ शकतो.

आता देखभालीच्या खर्चाकडे येऊ. कानामागे बसणाऱ्या साध्या यंत्राला बहुधा १३ क्रमांकाचा, नारिंगी पट्टीचा सेल लागतो; जास्त शक्तीच्या यंत्राला ६७५ क्रमांकाचा, निळ्या पट्टीचा. पट्टी काढताच सेलमध्ये हवा शिरते आणि तो खर्ची पडू लागतो. पट्टी पुन्हा चिकटवून फायदा नसतो. दिवसभर वापरल्यास १३ क्रमांकाचा सेल दहा-बारा दिवस पुरतो, म्हणजे दोन कानांना वर्षाला ७० च्या आसपास सेल हवेत. सहा सेलच्या पाकिटाला २०० ते ३०० रुपये धरल्यास वर्षाचा खर्च तीन हजारांच्या घरात जातो. शाळकरी वयात मोल्ड साधारण वर्षाने नवे करावे लागतात, अगदी लहान मुलांचे तर काही महिन्यांनीच. दोन कानांचे मिळून दीड-दोन हजार धरावेत. नळ्या, सफाईचे साहित्य आणि ओलावा शोषणारी डबी यांसाठी हजारभर, दुरुस्तीसाठी राखीव पाच हजार, आणि महिन्यातून दोनदा वाचा-उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाण्यायेण्याचे भाडे व पालकाची बुडालेली मजुरी मिळून दहा-बारा हजार. हे आकडे अंदाजाचे आहेत आणि आपण स्थानिक दर विचारून ते दुरुस्त करून घ्यावेत. पण एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २० ते २५ हजार, म्हणजे चौघांसाठी जवळपास एक लाख रुपये, हे गणित सहसा फार चुकत नाही.

या खर्चात प्रवासभाड्याचा आणि मजुरीचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि मंडळाच्या अंदाजपत्रकातून नेमका तोच गळतो, कारण त्याचा फोटो निघत नाही. सत्तरी किंवा डिचोली तालुक्यातल्या आतल्या वाड्यावरून बांबोळीला जायचे म्हणजे दोन बस बदलून अख्खा दिवस जातो. वाचा-उपचार दोन-चार वेळा चुकले की पालक संकोचाने पुढची तारीखच घेत नाहीत. यंत्र कानात असूनही मुलाचे बोलणे सुधारत नाही, तेव्हा त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

गोव्याच्या पावसाळ्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. जून ते सप्टेंबर या काळात हवेतील ओलावा आणि मुलाचा घाम यांमुळे मोल्डच्या पारदर्शक नळीत पाण्याचे बारीक थेंब धरतात. उजेडासमोर नळी धरली तर ते दिसतात. एवढासा थेंबही आवाजाची वाट अडवतो आणि मूल म्हणते, ‘मशीन बंद पडली.’ खरे तर मोल्ड यंत्रापासून सोडवून, रबरी फुग्याने नळीत हवा मारली आणि यंत्र रात्रभर सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवले की बऱ्याचदा काम भागते. डबीतील खड्यांचा रंग बदलला की ते बदलावेत किंवा वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे सुकवून पुन्हा वापरावेत. सेल फ्रिजमध्ये ठेवू नयेत. तिथून काढल्यावर त्यांच्यावर पाणी धरते. शाळेच्या कपाटात एक डबी, एक रबरी फुगा, एक नरम ब्रश आणि दोन्ही क्रमांकांच्या सेलचे एकेक पाकीट कायम ठेवावे, आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी मे महिन्यात चारही यंत्रे एकदा तपासून घ्यावीत. निधीतून होणाऱ्या खर्चांपैकी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी खर्च आहे.

यंत्र चालू आहे की नाही हे रोज सकाळी पाहण्याची एक सोपी पद्धत वर्गशिक्षकांना दाखवून ठेवावी. मुलाच्या मागे उभे राहून, ओठ दिसणार नाहीत अशा बेताने, नेहमीच्या आवाजात ‘आ, ई, ऊ, म, श, स’ हे सहा ध्वनी एकेक करून, क्रम बदलत उच्चारावेत आणि मुलाने ते ऐकून म्हणावेत. काल सहाही म्हणणारे मूल आज एकही म्हणत नसेल तर सेल किंवा नळी पाहावी. फक्त ‘स’ आणि ‘श’ गळू लागले असतील तर मोल्ड सैल झाला आहे का, यंत्राची जुळणी बदलायला हवी का, हे श्रवणतज्ज्ञाला विचारावे. याला दोन मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. मुलाला शिक्षकांच्या तोंडासमोर, खिडकीबाहेरच्या रहदारीपासून दूर बसवणे यालाही पैसा लागत नाही. दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम १७ मधील परीक्षेच्या वाढीव वेळेची आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूदही फुकटच आहे. घरी कोंकणी, प्राथमिक शाळेत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी अशा तीन भाषांचा भार गोव्यातल्या मुलावर पडतो. ज्याला प्रत्येक शब्द प्रयासाने ऐकावा लागतो, त्याच्यासाठी तो भार हलका करता येतो हे पुष्कळ मुख्याध्यापकांच्या लक्षातही आलेले नसते.

चौघांपैकी कोणाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे श्रवणसाधन, झालेले असेल, तर त्याचा हिशोब वेगळा मांडावा. शस्त्रक्रियेसाठी सरकारी मदत मिळते. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था त्या कामाची मध्यवर्ती यंत्रणा आहे. परंतु कानाबाहेर बसणाऱ्या प्रोसेसरची हमी संपल्यावर त्याची वायर आणि कॉइल बदलण्याचा हजारो रुपयांचा खर्च घरच्यांवर येतो, आणि कंपनीने तो जुना नमुना बंद केला तर नव्या प्रोसेसरला लाखो रुपये लागतात. प्रोसेसर बंद म्हणजे त्या कानाला काहीच ऐकू येत नाही. अशा विद्यार्थ्यासाठी दरवर्षी स्वतंत्र रक्कम मुदत ठेवीत टाकावी आणि प्रोसेसरचा विमा उतरवता येतो का, हे विचारून घ्यावे.

पैसा उभारण्याच्या बाबतीत, नाटक अवश्य करावे; गोव्यात जत्रेच्या नाटकाला जेवढे लोक एकत्र येतात तेवढे दुसऱ्या कशालाही येत नाहीत. फक्त नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी आणि मंडप यांचा खर्च वजा जाता हाती काय उरते हे आधीच कागदावर मांडावे, कारण पुष्कळदा नाटकाचे उत्पन्न नाटकच खाते. स्मरणिकेतील जाहिराती हा अधिक भरवशाचा मार्ग आहे. मात्र जाहिरातीचे पैसे ही देणगी नव्हे. त्या रकमेची करसवलतीची पावती देऊ नये. काल्याच्या दिवशी होणाऱ्या पावणीत, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात, नारळ, केळीचा घड किंवा अननस मूळ किमतीच्या कितीतरी पट बोलीला जातो. त्यातील एखादी वस्तू या निधीसाठी ठेवण्याची विनंती महाजनांना, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांना, करता येईल. देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज काळापासूनच्या देवस्थान नियमावलीखाली चालतो आणि मामलेदार हे त्याचे प्रशासक असतात, म्हणून देवस्थानच्या तिजोरीतून थेट रक्कम मागण्यापेक्षा जागा, घोषणा आणि फंडपेटी ठेवण्याची परवानगी मागणे सोपे जाते, आणि तीही लेखी घ्यावी.

तरीही या निधीचा कणा मासिक वर्गणी हाच असावा. गावातील शंभर घरांनी दरमहा शंभर रुपये दिले, तर वर्षाला १ लाख २० हजार रुपये जमतात आणि वर मांडलेला चौघांचा खर्च निघतो. एका रात्री दोन लाख जमवणाऱ्या गावाला हे अवघड नाही, पण त्यासाठी दर महिन्याला दारोदार जाणारे, न कंटाळणारे दोन-तीन कार्यकर्ते लागतात. ते मिळाले नाहीत, तर नाटकाच्या उत्पन्नातील निम्मी रक्कम लगेच मुदत ठेवीत ठेवून उरलेल्या रकमेवर पहिले वर्ष चालवावे.

गोव्यातील मंडळांनी एका गोष्टीत विशेष सावध राहिले पाहिजे. आपल्या गावचे अनेकजण लंडनला, स्विंडनला किंवा आखातात आहेत आणि गावच्या कामाला ते मोकळ्या हाताने देतात. जो भारतीय पारपत्रावर परदेशी नोकरी करतो, त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी मानली जात नाही. परंतु ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे तो, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, कायद्याने परदेशी नागरिक आहे; त्याने चवथीला गावी येऊन रुपयांत दिलेली देणगीही परदेशी देणगी ठरते, आणि २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती स्वीकारणे हा मंडळाचा गुन्हा होतो. देणारा आपल्याच वाड्यावरचा असतो, त्यामुळे हे विचारणे जड जाते. तरी पावतीवर नागरिकत्वाचा एक रकाना ठेवावा आणि तो सर्वांकडूनच भरून घ्यावा. अशा देणगीदाराचा तो विद्यार्थी नातेवाईक असेल, तर तो त्या कुटुंबाला थेट मदत करू शकतो. नातेवाईकाकडून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत आलेली रक्कम सरकारला कळवावी लागत नाही.

हिशोबासाठी मंडळाच्या नावाचे स्वतंत्र बँक खाते उघडावे, त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि त्यांपैकी एक सही शक्यतो पालकांच्या प्रतिनिधीची असावी. यूपीआयचा क्यूआर कोड त्याच खात्याचा असावा, कोणा पदाधिकाऱ्याच्या खासगी खात्याचा कधीही असू नये. ८० जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत हवी असेल, तर मंडळाला आयकर खात्याची वेगळी मान्यता लागते. ती नसल्यास अशी मान्यता असलेल्या, याच क्षेत्रातील संस्थेशी लेखी करार करून तिच्यामार्फत देणग्या घ्याव्यात. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना तर ती मिळतच नाही, म्हणून तिच्यासाठी सुरुवातीलाच फार धावपळ करण्याची गरज नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी त्या कामाची नोंदणी असलेली संस्थाच लागते. तो विचार पुढे करावा.

आता रंगमंचावरील कार्यक्रमाविषयी. मुलांना मंचावर बोलावून यंत्रे देऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. आठवी-नववीतल्या मुलाला आधीच यंत्र केसांखाली लपवावेसे वाटत असते. गावासमोर तो ‘मदत मिळालेला’ म्हणून उभा राहिला की दुसऱ्या दिवसापासून ते यंत्र कानात घालणे त्याला अधिकच कठीण जाते. निधीची घोषणा करताना नावे, फोटो, इयत्ता यांपैकी काहीही सांगू नये. लहान गावात इयत्ता सांगितली तरी मूल ओळखले जाते. त्याऐवजी खर्चाचा तक्ता वाचून दाखवावा. एका मुलाचे वर्षाचे सेल किती, मोल्डचा खर्च किती, बांबोळीच्या एका खेपेला किती, हे ऐकल्यावर लोक अधिक समजून देतात. त्या रात्री एका बाजूला संवाद पडद्यावर लिखित स्वरूपात दाखवण्याची आणि भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषाची सोय झाली, तर गावातील ज्येष्ठ बधिर व्यक्तींनाही नाटक पाहता येईल, आणि तो खर्च निधीच्या हेतूला धरूनच आहे. ध्वनिवर्धकांच्या कर्ण्यांजवळ या मुलांना बसवू नये. मोठा आवाज यंत्रातून त्यांना असह्य होतो.

कोणत्या मुलासाठी काय घ्यायचे हे ठरवताना त्या मुलाला विचारावे. एखादी दहावीची विद्यार्थिनी सांगेल की तिला दुसऱ्या यंत्रापेक्षा शिक्षकांच्या गळ्यात अडकवायचा, आवाज थेट तिच्या यंत्रात पोहोचवणारा बिनतारी माइक हवा आहे. एखादा सांगेल की त्याला सांकेतिक भाषा शिकायची आहे आणि फोंड्याला किंवा पणजीला जाण्याची सोय हवी आहे. दोन्ही मागण्या योग्य आहेत आणि निधीच्या नियमांत दोन्हींना जागा असावी. बिनतारी माइक मात्र मुलाच्या यंत्राशी जुळणारा आहे याची खात्री करूनच घ्यावा.

शेवटी, वर्गणीचा पहिला रुपया घेण्यापूर्वी मंडळाच्या सभेत एक ठराव लिहून मंजूर करावा. निधीतून घेतलेले यंत्र विद्यार्थ्याच्या मालकीचे राहील, ते परत मागितले जाणार नाही. माइक व डबीसारखे साहित्य शाळेच्या नोंदवहीत चढवून पुढच्या विद्यार्थ्यासाठी ठेवले जाईल. विद्यार्थी बारावी झाला तरी पुढचे एक वर्ष त्याच्या सेलचा खर्च निधी करील, कारण नव्या महाविद्यालयातील पहिले वर्ष सर्वांत कठीण जाते. आणि गावात असा विद्यार्थी उरला नाही, तर शिल्लक रक्कम तालुक्यातील दुसऱ्या शाळेतील श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांसाठीच वापरली जाईल, मंडळाच्या इतर कामांसाठी नाही. या ठरावाची प्रत चारही पालकांना आणि मुख्याध्यापकांना द्यावी, आणि दर सहा महिन्यांचा जमाखर्च मुलांची नावे न घालता मंडळाच्या फलकावर लावावा.